आल्याची बिअर: तिसऱ्या घाण्याला यीस्ट उठत नाही, तेव्हा

लक्षण सगळीकडे एकच. पाकिटातलं यीस्ट घालून केलेला पहिला घाणा झकास होतो. रात्री घातलं की सकाळी फेस, आणि बाटली भरल्यावर दुसऱ्या दिवशी ती दगडासारखी कडक. मग पातेल्याच्या तळाचा साका बरणीत भरून फ्रिजमध्ये जातो. दुसरा घाणा त्यावर उठतो, जरा उशिरा. तिसऱ्याला दोन दिवस झाले तरी पाणी ढिम्म हलत नाही. चौथ्या दिवशी जे काही सुरू होतं त्याला एक तर कुबट वास असतो, नाही तर चमच्याला तार येते. निदान ठरलेलं: "यीस्ट थकलं." यीस्ट थकतं हे खरं, पण इतक्या लवकर नाही. बहुतेक वेळा तिसऱ्या घाण्यात यीस्ट जवळजवळ घातलेलंच नसतं. घातलेलं असतं ते आलं.

हे पटायला दोन सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. पहिली विरजणाची. चमचाभर दही लिटरभर दुधाला पुरतं, कारण दह्याच्या जिवाणूंना दुधात हवं ते सगळं मिळतं आणि त्यांनी केलेला आंबटपणाच बाकीच्यांना हाकलून लावतो. यीस्टचं उलटं आहे. साखरेच्या पाण्यात त्याला ताकद मिळते, पण अंग वाढवायला काही मिळत नाही. शिवाय त्याचे खरे शत्रू आंबटातच सुखाने राहतात. म्हणून चमचाभराचा हिशोब इथे लागत नाही.

दुसरी सवय बिअरवाल्यांच्या सल्ल्याची. जवाच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, बिअर दहा-चौदा दिवस भांड्यात असते. तेवढ्या वेळात यीस्ट पोटभर खाऊन वाढतं आणि काम संपलं की तळाला बसतं. तो साका उचलून ब्रुअरीत तेच यीस्ट पाच ते दहा वेळा सहज फिरवतात. आल्याची बिअर भांड्यात राहते 12 ते 18 तास. तेवढ्यात यीस्ट अजून पोहत असतं. तळाला बसलेलं असतं ते दुसरंच, आणि पोहणारं यीस्ट तुम्ही बाटल्यांत भरून मोकळे झालेले असता.

पुढचे आकडे 10 लिटरच्या घाण्याचे आहेत: आलं 300 ग्रॅम, साखर 700 ग्रॅम, गूळ 100 ग्रॅम, लिंबं 6 ते 8, कोरडं यीस्ट 5 ग्रॅम. बेकरीचं इन्स्टंट यीस्ट चालतं, पण त्याला पावाचा वास येतो आणि त्याचा साका घट्ट बसत नाही, बरणी उचलली की धुरळा उठतो. पुन्हा वापरायचंच असेल तर बिअरचं यीस्ट घ्या. त्याच्या 11.5 ग्रॅमच्या पाकिटात दोन घाणे निघतात. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ लिंबाला चालत नाही.

मेलंय की गारठलंय

यीस्टवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी तपासा. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री स्वयंपाकघरातलं पातेलं 16-17 अंशांवर येतं. 28 अंशांना सहा तासांत फेस धरणारं यीस्ट तिथे दिवस घेतं. ते मेलेलं नाही, गारठलेलं आहे. भांडं घोंगडीत गुंडाळा किंवा कोमट पाण्याच्या घंगाळात ठेवा. आणखी यीस्ट ओतायची घाई करू नका.

दुसरी गोष्ट झाकण. बुडबुडे दिसत नाहीत म्हणजे काम चालू नाही असं नाही. गॅस कडेने निसटत असेल. हायड्रोमीटर, म्हणजे पेयाचा जडपणा मोजणारी काचेची नळी, असेल तर प्रश्नच मिटतो: वरच्या प्रमाणाला सुरुवातीला काटा 1.031 च्या आसपास असतो. तो दोन-तीन अंक खाली आला की यीस्ट कामाला लागलं. 24 तासांनी काटा तिथेच असेल आणि पाणी 25 अंशांच्या वर असेल, तरच पुढे वाचा.

तळाचं पांढरं म्हणजे यीस्ट नव्हे

फ्रिजमधली साक्याची बरणी बाहेर काढा, न हलवता, आणि उजेडासमोर धरा. नीट बसलेल्या बरणीत तीन-चार थर दिसतात. सगळ्यात खाली पांढराशुभ्र, खडूसारखा थर. त्यात किंवा त्यावर आल्याचे तपकिरी धागे. त्याच्यावर पातळसा, सायीच्या किंवा फिकट बदामी रंगाचा थर. आणि सगळ्यात वर गढूळ पाणी. मन आपोआप पांढऱ्या थराकडे जातं, कारण तोच जाड आणि देखणा असतो. तो आल्याचा स्टार्च आहे. यीस्ट आहे ते वरचं पातळ, मळकट साय दिसणारं.

चमचा घालून बघा. पांढऱ्या थरात चमचा एकदम घुसत नाही. जोरात टोचलं तर घट्ट लागतो, हळू सोडला तर वाहतो, कॉर्नफ्लॉवर कालवल्यासारखा. दोन बोटांत चोळला की कचकचतो. यीस्ट बोटांना गुळगुळीत, पातळ मलमासारखं लागतं. बरणी गोल फिरवून ओट्यावर ठेवा: पांढरं पाच-सात मिनिटांत पुन्हा तळ गाठतं, यीस्ट तासन्‌तास तरंगत राहतं. स्टार्चचे कण यीस्टच्या पेशीपेक्षा मोठेही असतात आणि जडही, त्यामुळे ही शर्यत दर वेळी तेच जिंकतात.

अजून शंका असेल तर जखमेला लावायचं तपकिरी पोव्हिडोन आयोडीन घ्या. एका थेंबात चार-पाच थेंब पाणी घालून रंग चहासारखा फिका करा. पांढऱ्या बशीत साक्याचा एक थेंब ठेवा आणि शेजारून हे औषध त्याला लावा. निळा-काळा झाला तर स्टार्च, पिवळा-तपकिरीच राहिला तर यीस्ट. तपासलेला थेंब बरणीत परत टाकू नका, हे सांगायला नको, पण टाकणारे आहेत.

सातारा-कोरेगाव पट्ट्यातलं जून आलं जानेवारी-फेब्रुवारीत निघतं, तेव्हा ही गडबड सगळ्यात जास्त दिसते. जून आल्यात धागाही जास्त आणि स्टार्चही जास्त. पावसाळ्यानंतर येणाऱ्या कोवळ्या, पातळ सालीच्या आल्यात पांढरा थर जेमतेम असतो, म्हणून ऑक्टोबरात चाललेली रीत फेब्रुवारीत फसते आणि माणूस यीस्टच्या पाकिटाला नावं ठेवतो.

किसलेलं आलं तसंच उकळत असाल तर खडूचा थर दिसणार नाही. उकळल्यावर स्टार्च फुगतो आणि कपड्याला घालायच्या खळीसारखा पांढुरका, थलथलीत होऊन बसतो. दिसायला तो यीस्टच्या आणखी जवळचा. आयोडीन मात्र त्यालाही ओळखतं.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम बदलायचा. आलं ब्रशने माती जाईपर्यंत धुवा, किसा, लिटरभर गार पाण्यात कुस्करा आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून पिळून घ्या. हे पाणी 30 ते 40 मिनिटं स्थिर ठेवा. तळाला पांढरं बसलं की वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, शेवटचा अर्धा पेला मागे सोडा. मग हे ओतलेलं पाणी साखर आणि गुळासकट 10 मिनिटं उकळा. चवीत काही कमी होत नाही. मागे राहिलेलं पांढरं कढीला लावा, झकास लागतं.

उरलेलं पाणीही उकळून निववलेलंच घ्या, झाकण न ठेवता 15-20 मिनिटं. पावसाळ्यात, विशेषतः कृष्णेला पूर येऊन गेल्यावर, नळाच्या पाण्यात टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) हात सैल असतो. त्या क्लोरीनने पेयाला औषधासारखा वास येतो, आणि तसल्या कच्च्या पाण्याने साका धुतला तर यीस्टचा मोठा हिस्सा तिथेच जातो.

मग यीस्ट घ्यायचं कुठून

लागतं किती ते आधी बघू. या ताकदीच्या 10 लिटरला साधारण 50 ते 60 मिलिलिटर घट्ट, सायीसारखा, निव्वळ यीस्टचा साका लागतो. म्हणजे चार मोठे चमचे. तळाचे चार चमचे घेतले आणि त्यातले तीन स्टार्चचे असले, तर चौथा हिस्सा यीस्ट पडलं. पुढच्या वेळी त्याचाही चौथा हिस्सा. तिसरा घाणा ढिम्म का, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

तीन रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे साका न घेता उठलेला घाणाच घेणे. बाटल्या भरायच्या वेळी, लिंबू पिळायच्या आधी, फसफसत्या पाण्यातलं अडीच लिटर बाजूला काढा आणि त्याच दिवशी नव्या साडेसात लिटरमध्ये ओता. अर्धा लिटर पुरणार नाही. एका घाण्यात यीस्ट फार तर तिप्पट-चौपट होतं, त्यामुळे पाव हिस्सा पुढे नेला तरच संख्या टिकते. दहावा हिस्सा नेलात तर दर घाण्याला तुम्ही मागे पडता. ज्यांच्याकडे घाणे सलग होतात त्यांना हाच रस्ता बरा.

दुसरा रस्ता बाटलीच्या बुडाचा. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस उभ्या राहिलेल्या बाटल्यांच्या तळाशी जो सायीच्या रंगाचा थर बसतो, तो भांड्यातल्या कुठल्याही साक्यापेक्षा स्वच्छ असतो, कारण जड माल मागेच राहिलेला असतो. पेय एकाच दमात ओतून घ्या, शेवटचा दोन बोटं भाग बाटलीतच ठेवा. सहा-आठ बाटल्यांचं बूड एकत्र केलं की एका घाण्यापुरतं होतं. अट एकच, बाटलीला कोणी तोंड लावलेलं नसावं. लिंबाच्या आंबटात यीस्ट फार दिवस राहू शकत नाही, तेव्हा हे आठवड्याच्या आत वापरा.

तिसऱ्या रस्त्याला मेहनत आहे, पण भरवसा त्याचाच: यीस्ट वेगळं वाढवायचं. त्याला माल्टचं पाणी लागतं आणि आपल्याकडे त्यासाठी नाचणी आहे. मोड आणलेली, वाळवलेली आणि न भाजता दळलेली. दुकानातलं नाचणी सत्त्व बहुधा भाजलेलं असतं. भाजल्यावर स्टार्चची साखर करणारी विकरं मरतात, ते उपयोगाचं नाही.

100 ग्रॅम पीठ आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न होता कालवा. मग त्यात गरम पाणी घालत एकूण एक लिटर करा आणि मिश्रण 66 ते 68 अंशांवर आणा. चपात्यांच्या हॉटपॉटमध्ये ओतून झाकण लावा, तासभर ठेवा. हॉटपॉट आधी कडकडीत पाण्याने गरम करून घेतला तर तापमान टिकतं. तासाभराने एक थेंब बशीत घेऊन गार होऊ द्या आणि आयोडीन लावा. अजून गडद निळा होत असेल तर आणखी अर्धा तास. मग फडक्यातून गाळा, 50 ग्रॅम गूळ घाला, 15 मिनिटं उकळा, झाकून निववा. तासभर स्थिर ठेवून वरचं निवळ काचेच्या बरणीत घ्या, तळाचा गाळ टाकून द्या. यात 1 ग्रॅम कोरडं यीस्ट किंवा 20 मिलिलिटर चांगला साका घाला. तोंडावर फॉइल सैलसर बसवा, आवळू नका. 25 ते 28 अंशांवर दीड दिवस ठेवा आणि येता-जाता बरणी गोल हलवत राहा. हवा आत गेली की यीस्ट वाढीकडे लक्ष देतं. मग दोन दिवस फ्रिज. तळाला बसलेली साय एका घाण्याला पुरते. ती उचलताना एक मोठा चमचा मागे ठेवा आणि तो पुढच्या नाचणीला लावा. आल्याच्या पाण्यातून यीस्ट परत घ्यायची गरजच उरत नाही. आलं, लिंबू, स्टार्च, सगळ्यातून सुटका.

कुजक्या अंड्याचा वास

हा वास आला की समजा यीस्ट उपाशी आहे. साखर म्हणजे नुसती भाकरी, कालवण नाही. पेशी वाढवायला यीस्टला नायट्रोजन लागतो. जवाच्या माल्टमध्ये तो भरपूर, साखर-आलं-लिंबात जवळजवळ शून्य. उपाशी यीस्ट गंधकाचा वायू सोडतं, तोच हा वास. पहिल्या घाण्यात तो येत नाही, कारण पाकिटातलं यीस्ट घरून डबा घेऊनच आलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला तो डबा मिळत नाही.

यावर घरोघर सांगितला जाणारा उपाय म्हणजे मूठभर बेदाणे. सांगली-तासगावला बेदाण्याची काय वाण, पण त्याने यीस्टचं पोट भरत नाही. बेदाण्यातून साखर येते, चव येते, नायट्रोजन नावालाच. त्यातून पिवळाधमक बेदाणा घेतलात तर त्याला रंगासाठी गंधकाची धुरी दिलेली असते. ती यीस्टला मारकही आहे आणि तोच अंड्याचा वास वाढवणारीही. चवीसाठी घालायचाच तर धुरी न दिलेला काळा घ्या आणि कोमट पाण्यात धुऊन घ्या, म्हणजे वाळवण्याआधी बुडवलेल्या डिपिंग ऑइलचा अंश निघून जाईल.

खरा उपाय म्हणजे मेलेलं यीस्ट. बेकरीचं कोरडं यीस्ट एक चहाचा चमचा अर्धा कप पाण्यात 10 मिनिटं उकळा आणि हे सगळं साखरेच्या पाण्यात घाला. जिवंत यीस्ट ते आवडीने खातं. गुळाचं प्रमाण 100 वरून 200 ग्रॅम केलं आणि साखर तितकी कमी केली तर खनिजांची थोडी भर पडते. फार गूळ घातला की आल्याची चव दबते, एवढंच.

एक ताकीद. यीस्टच्या खुराकात डायअमोनियम फॉस्फेट असतं हे वाचून शेतघरातल्या डीएपीच्या पोत्यात हात घालू नका. नाव तेच, पण 18:46 चं खत खायच्या दर्जाचं नसतं आणि त्यात जड धातूंचा अंश असू शकतो. खाण्याच्या दर्जाचं मिळालं तर 10 लिटरला 2 ग्रॅम पुरे. न मिळालं तर उकळलेलं यीस्ट आहेच.

तार, आंबट, साय

चमचा वर उचलल्यावर पेय तेलासारखं ओघळून तार धरत असेल तर त्यात यीस्टचा दोष नाही, पाहुण्याचा आहे. ल्युकोनॉस्टॉक नावाचा जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतो. साखर कारखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा: तोडलेला ऊस दोन दिवस गाडीत अडकला की रस चिकट का होतो आणि गाळायला जड का जातो, तर ह्याच्यामुळे. तो मातीत असतो, आल्याच्या सालीवर असतो, न उकळलेल्या गुळात असू शकतो. एकदा साक्यात शिरला की प्रत्येक घाण्याबरोबर त्याचीही पिढी वाढते, आणि यीस्ट कमी पडलं असेल तर तोच पुढे धावतो. साका कितीही धुतला तरी तो निघत नाही. सगळा साका फेका. भांड्याला नळाची तोटी असेल तर ती उघडून उकळा. नव्याण्णव टक्के धुणारे ती उघडत नाहीत, आणि बुळबुळीत थर तिथेच दडलेला असतो. प्लास्टिकच्या बादलीला आतून चरे पडले असतील तर ती पाण्यालाच वापरा.

व्हिनेगरचा वास हवेमुळे. फडकं बांधून ठेवलेल्या भांड्यावर चिलटं बसतात, आणि व्हिनेगर करणारे जिवाणू त्यांच्याच पायांनी येतात. द्राक्षाच्या हंगामात सांगलीकडे चिलटांना तोटा नसतो. फडक्याऐवजी घट्ट झाकण आणि त्यातून पाण्याच्या पेल्यात सोडलेली सलाइनची नवी नळी एवढं केलं की गॅस बाहेर जातो, चिलट आत येत नाही. हलका वास असला तर पेय प्यायला हरकत नाही. साका मात्र पुढे न्यायचा नाही.

बरणीवर पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा आला तर ती साय नव्हे, जंगली यीस्ट आहे. काढून टाकून खालचं वापरू नका.

नेलपॉलिशसारखा वास हा बहुधा उष्णतेचा. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेला दुपारचा पारा 40 च्या आसपास जातो, खोलीतलं पातेलं 34-35 ला पोचतं, आणि बिअरचं यीस्ट त्या तापमानाला असले वास सोडतं. भांडं परातीत उभं करून ओलं गोणपाट गुंडाळा, गोणपाटाचं टोक परातीतल्या पाण्यात राहू द्या. माठाचं गणित तेच आहे, चार-पाच अंश खाली येतात. जुलैत हा उपाय चालत नाही, हवाच ओली असते. पण तेव्हा गरजही नसते.

ब्रुअरीत जिवाणू मारायला साका फॉस्फोरिक ॲसिडने धुतात, गार ठेवून आणि आंबटपणा मोजून. घरी हे करण्यात अर्थ नाही. ॲसिड आणि मीटरच्या खर्चात यीस्टची कितीतरी पाकिटं येतात, आणि जंगली यीस्ट त्यालाही दाद देत नाही.

कच्च्या आल्याचं विरजण वापरणारे

पाकिटाचं यीस्ट न घेता किसलेलं आलं आणि साखर रोज एकेक चमचा घालून जे विरजण करतात, त्यांचा हिशोब वेगळा. तिथे यीस्ट आणि जिवाणू जोडीनेच राहतात. इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या आल्याच्या बिअरच्या विरजणाचा अभ्यास मार्शल वॉर्ड यांनी 1892 साली प्रसिद्ध केला, त्यात हीच जोडी सापडली: एक यीस्ट आणि त्याला चिकट आवरणात धरून ठेवणारा एक जिवाणू. म्हणजे इथे थोडा आंबटपणा, थोडा चिकटपणा हा दोष नाही. हे विरजण उकळलेल्या आल्यावर चालत नाही. रोजचा चमचा कच्च्या, सालीसकट आल्याचाच हवा. परदेशी वाळवून, किरणं मारून आलेलं आलं असेल तर ते उठत नाही, गावच्या बाजारातलं घ्या.

साठवण आणि बाटली

साका ठेवायची बरणी काचेची. अर्धं पाणी भरून, झाकण सैल ठेवून, कुकरमध्ये 15-20 मिनिटं. हे पाणी गार झाल्यावर ओतून टाका आणि लगेच साका भरा. वर त्याच पेयाचं, पण लिंबू न घातलेलं, दोन बोटं निवळ असू द्या. साध्या पाण्याखाली ठेवायचा सल्ला जुना आहे. धागे काढायला एकदा धुवायला हरकत नाही, पण महिनाभर नुसत्या पाण्यात ठेवलं की यीस्ट आतून रिकामं होत जातं. झाकण पूर्ण आवळू नका. बरणी फ्रिजच्या दारात नको, आतल्या बाजूला मागे ठेवा. दिवसभर वीज जाणार असेल त्या दिवशी तिच्याशेजारी बर्फाची बाटली ठेवा. फ्रीजरमध्ये मात्र कधीच नाही, गोठलं की पेशी फुटतात.

आठवड्याच्या आत नेहमीची मात्रा. दोन आठवडे झाले तर दीडपट. त्यापुढे सरळ घाण्यात न घालता नाचणीच्या पाण्यात उठवून मगच. खात्री करायला एक मोठा चमचा साका, 100 मिलिलिटर कोमट पाणी, एक चहाचा चमचा साखर: तासाभरात वर फेसाची कड आली नाही तर तो साका घाण्यात जाऊ नये. जळक्या रबराचा किंवा शिळ्या रश्श्याचा वास आला तर चाचणीचीही गरज नाही, आतलं यीस्ट फुटून गेलंय. बरणीवर पट्टी चिकटवून तारीख आणि पिढी लिहा. आल्याच्या पाण्यातून परत घेतलेलं यीस्ट तिसऱ्या पिढीला थांबवा, नाचणीवर वाढवलेलं सहा-सात वेळा फिरतं.

बाटलीचं सांगायलाच हवं, कारण यीस्ट सुधारलं की धोका वाढतो. लिटरमागे 4 ग्रॅम साखर खाल्ली गेली की पेयाच्या आकारमानाएवढा एक पट वायू तयार होतो. सोड्याची बाटली चार पटीला बनवलेली असते. तुमच्या पेयात लिटरमागे 80 ग्रॅम साखर आहे, म्हणजे 20 पट वायूचं सामान. अशक्त यीस्टची सवय झालेला माणूस बाटल्या तीन दिवस बाहेर ठेवतो, आणि नाचणीवरचं तगडं यीस्ट तेवढ्यात बाटली फोडतं. काचेची बाटली वापरूच नका. सोड्याची प्लास्टिकची घ्या, दर सहा तासांनी दाबून बघा, अंगठा रुतेनासा झाला की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये.

फ्रिजमध्ये घालायचं दुसरंही कारण आहे. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर खाल्ली गेली की 1 टक्का अल्कोहोल होतं. फेस धरताच थांबवलेल्या आल्याच्या बिअरमध्ये ते टक्क्याच्या आसपास असतं, बाहेर विसरलेल्या भांड्यात चार टक्क्यांच्या वर जातं. अर्ध्या टक्क्याच्या वर गेलेलं पेय अन्नसुरक्षेच्या नियमांत अल्कोहोलचं पेय धरलं जातं, आणि महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. लहान मुलांच्या हातात ही बाटली सरबत म्हणून देऊ नका.

पिढी संपलेला, पण वासाला चांगला असलेला साका मोरीत ओतू नका. वरची बदामी साय तेवढी काढून अर्ध्या कप पाण्यात 10 मिनिटं उकळा. नव्या पाकिटाच्या पहिल्या घाण्याला तोच खुराक.